धरण प्रस्तावित झाल्यावर आदिवासी ग्रामसभेने जमीन आणि जंगल कसे राखावे

धरणाची पहिली बातमी गावाला सहसा कागदावरून कळत नाही. ती नदीकाठच्या शेतात ठोकलेल्या, वरच्या टोकाला चुना किंवा लाल रंग फासलेल्या खुंटीवरून कळते. खुंटीवर एखादा आकडा असतो, तो कशाचा हे कोणी सांगत नाही, आणि दोन दिवसांत कोणीतरी रागाने ती उपटून नदीत टाकतो. राग रास्त आहे, पण सर्वेक्षण झाले, ते अमुक ठिकाणी झाले आणि त्याआधी गावाला विचारले नव्हते, याचा गावाच्या हातात आलेला तो पहिला पुरावा असतो. म्हणून खुंटी उपटू नये. तिच्यावरचा आकडा वाचता येईल असा जवळून एक आणि मागचा डोंगर किंवा ओळखीचे झाड दिसेल असा लांबून एक, असे दोन फोटो काढावेत, पाच जाणत्या माणसांना जागेवर नेऊन साधा पंचनामा लिहावा, त्यावर तारीख घालून सह्या व अंगठे घ्यावेत आणि तो कागद ग्रामसभेच्या वहीत चिकटवावा.

हे मार्गदर्शन मुख्यतः राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली आदिवासी म्हणून घोषित झालेल्या, म्हणजेच अनुसूचित, क्षेत्रातील गावांसाठी आहे. महाराष्ट्रात पालघर, ठाणे, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, गडचिरोली आणि चंद्रपूर या तेरा जिल्ह्यांचे काही भाग त्यात येतात. खाली ज्या केंद्रीय कायद्यांचा आधार घेतला आहे ते इतर राज्यांतील अनुसूचित क्षेत्रांनाही लागू आहेत, मात्र राज्यांचे नियम वेगवेगळे असल्याने ते तेथे तपासून घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘धरण नको’ हे वाक्य कागदावर येण्याआधी ‘ही जमीन, हे रान आणि ही नदी आमच्या वहिवाटीची आहे’ हे वाक्य कागदावर यावे लागते. नकार देण्याचा अधिकार हक्कधारकाला असतो, आणि ज्याचा हक्क नोंदलेला नाही त्याला सरकारी दप्तरात अतिक्रमणदार म्हणतात. सातपुड्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत पिढ्यान् पिढ्या कसलेल्या नेवाड (जंगल साफ करून केलेल्या) जमिनी सातबाऱ्यावर नव्हत्या, त्यामुळे सरदार सरोवराच्या बुडितात सर्वस्व जाणाऱ्या अनेक कुटुंबांना आपण ‘घोषित’ प्रकल्पग्रस्त आहोत हे सिद्ध करण्यातच वर्षे घालवावी लागली. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तेव्हा धाडसाची कमतरता नव्हती. पण त्या वेळी लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमीनधारकाच्या संमतीला जागाच नव्हती. आज ती जागा आहे, पण ती आपोआप मिळत नाही.

आपले ‘गाव’ कोणते, हे आधी ठरवावे

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांत गल्लत करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एका गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावे आणि दहा-बारा पाडे असतात. धरणात दोनच पाडे बुडणार असतात आणि ठराव मात्र ज्या मोठ्या गावाला पाण्याचा थेंबही लागणार नाही तेथल्या चावडीवर होतो. पेसा कायदा, म्हणजे पंचायतींसंबंधीच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा १९९६ चा कायदा, आपल्या रूढी-परंपरेनुसार कारभार पाहणाऱ्या वस्तीला किंवा वस्त्यांच्या समूहाला गाव मानतो आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा देतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची रीत दिलेली आहे. पाड्याच्या सभेने ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे, द्यावयाचा असतो. हे काम धरणाची चाहूल लागण्याआधी झालेले बरे. झाले नसेल तर चाहूल लागताच त्याच आठवड्यात सुरू करावे.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाची हकीकत या ठिकाणी उपयोगी पडते. ऐंशीच्या दशकात इंद्रावती-गोदावरीच्या खोऱ्यातील भोपालपट्टणम आणि इचमपल्ली या धरणांना विरोध करण्यासाठी गोंड-माडिया समाज एकत्र आला. धरणांचे काम पुढे सरकले नाही, परंतु मेंढ्याच्या लोकांनी तेवढ्यावर न थांबता सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा उभी केली आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली. पुढे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते होते आणि सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्यांचा हक्क मान्य झाला. विरोध करताना बांधलेली सभाच पुढे हक्क मिळवण्याच्या कामी आली.

वनहक्काचा दावा

वनहक्क कायदा २००६ चा असून तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. त्याचे नियम २००८ चे आहेत आणि त्यांत सप्टेंबर २०१२ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. धरणाचा धोका असलेल्या गावाने तीन प्रकारचे दावे एकाच वेळी तयार करावेत: कसत असलेल्या जमिनीचे वैयक्तिक दावे, गौण वनोपज, चराई, मासेमारी, पाणी अशा वापराचा सामूहिक दावा, आणि संपूर्ण पारंपरिक हद्दीतील जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक वनसंसाधनाचा दावा. पुष्कळ गावे पहिल्यावरच थांबतात, कारण पट्टा घरात येतो आणि दिसतो. पण धरणाच्या बाबतीत तिसरा दावा सर्वांत भक्कम असतो. वैयक्तिक पट्टा जास्तीत जास्त चार हेक्टरचा, म्हणून प्रकल्पाचा अधिकारी एकेका पट्टेदाराला बाजूला घेऊन बोलणी करू शकतो. सामूहिक हक्क कोणा एकाच्या अंगठ्याने जात नाही.

ग्रामसभेने वनहक्क समिती निवडावी. तीत दहा ते पंधरा सदस्य असतात, त्यांपैकी किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सभेची गणपूर्ती निम्म्या प्रौढ सदस्यांची असून हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि दाव्यांवर ठराव करताना दावेदारांपैकी किमान निम्मे हजर हवेत. हे आकडे वाचताना रूक्ष वाटतात, पण पुढे ठराव पाडायचा असेल तर समोरचा वकील नेमके हेच आकडे मोजतो. त्यामुळे हजेरीचे पान वेगळे ठेवावे, स्त्री-पुरुषांची संख्या वेगवेगळी लिहावी आणि एकूण प्रौढ सदस्य किती हे त्याच पानाच्या डोक्यावर नोंदवावे.

पुराव्याबद्दल लोकांच्या मनात नाहक भीती असते. जुना दंड भरल्याची पावती नाही म्हणून दावाच न केलेली घरे मी पाहिली आहेत. नियमांनी पुराव्याची व्याख्या बरीच रुंद ठेवली आहे: जनगणना, गॅझेटियर, जुने नकाशे, वनविभागाची कार्य आयोजना, दंडाच्या पावत्या हे तर आहेतच, शिवाय घर, बांध, सपाटीकरण, विहीर, स्मशान, देवस्थान या प्रत्यक्ष खुणा आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब हेही पुरावेच आहेत. एकापेक्षा अधिक पुरावे जोडावेत इतकीच अपेक्षा आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला गेल्यास २०१२ च्या नियमांकडे बोट दाखवावे. असे छायाचित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे.

वडीलधाऱ्यांचा जबाब कसा लिहू नये, ते आधी पाहू. ‘आम्ही फार पूर्वीपासून येथे राहत असून सदर जमीन कसत आहोत’ हे वाक्य शंभर दाव्यांत शब्दशः सारखे असते आणि त्याचे वजन शून्य होते. त्याऐवजी आजीला शेतात घेऊन जावे, तिथे बसावे आणि ती जसे बोलेल तसे उतरवून घ्यावे: ‘माझे लग्न झाले त्या वर्षी या मोहाखाली माझ्या सासऱ्याने खळे केले होते. वरच्या बाजूचा दगडी बांध माझ्या दिराने आणि मी घातला, तेव्हा माझा मोठा मुलगा पाठीला बांधलेला असे. तो आता नातवंडांचा आजा आहे. खाली झऱ्याजवळ माझ्या सासूला पुरले आहे, तेथे उभा दगड आहे.’ या चार वाक्यांत झाड, खळे, बांध, झरा आणि थडगे अशा पाच खुणा आहेत आणि प्रत्येक जाऊन तपासता येते. जबाब मूळ बोलीत लिहून खाली मराठीत सार द्यावे, आजीचा अंगठा, लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार घ्यावेत.

हद्द चालण्याचे काम दोन दिवसांचे असते आणि ते मोबाइलच्या जीपीएसने करता येते. पण मोबाइल हाती घेण्याआधी शेजारच्या गावांना लेखी निरोप द्यावा आणि सामायिक शिवेवर त्यांची माणसे बरोबर घ्यावीत. हद्दीचा वाद निघाल्यास दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून तोडगा काढावयाचा असतो. धरणाच्या गावांत हा वाद लवकर मिटवणे विशेष गरजेचे आहे, कारण शिवेवरचे भांडण हे दावे लांबवण्याचे सर्वांत सोयीचे निमित्त ठरते. जागेच्या पडताळणीला वन आणि महसूल अधिकाऱ्यांनी हजर राहून पद व तारखेसह सही करणे बंधनकारक आहे. त्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. ते आले नाहीत आणि नंतर त्या कारणाने हरकत घेऊ लागले तर फेरपडताळणी होते, पण तिलाही गैरहजर राहिल्यास ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो.

दावा मंजूर होईपर्यंत काय, असे सतत विचारले जाते. कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे हक्कांची मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून काढता येत नाही. म्हणून दावा दाखल केल्याची पोच हा ढाल म्हणून वापरायचा कागद आहे. दावा फेटाळला गेला तर कारणासह लेखी निर्णय मागावा आणि साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जावे. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समिती, तिच्यावर जिल्हा समिती, आणि महाराष्ट्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर अनुसूचित क्षेत्रात त्याच्याही वर विभागीय समिती आहे.

ठराव कसा लिहावा

‘ग्रामसभा धरणास तीव्र विरोध करीत आहे’ एवढाच ठराव वर्तमानपत्राच्या उपयोगाचा असतो. न्यायालयाच्या उपयोगाचा ठराव निराळा असतो. त्याच्यात सभा कायदेशीर होती हे दिसावे, हक्क कोणते आहेत हे मोजून सांगितलेले असावे आणि नकाराची कारणे त्या हक्कांशी बांधलेली असावीत. नमुना असा:

‘आज दिनांक … रोजी सकाळी … वाजता … या पाड्याची ग्रामसभा गावदेवाच्या मांडवात भरली. एकूण प्रौढ सदस्य … पैकी … हजर, त्यांत स्त्रिया … . सभेची दवंडी दिनांक … रोजी देण्यात आली होती. प्रस्तावित धरणाच्या बुडितात या गावाच्या पारंपरिक हद्दीपैकी … हेक्टर जंगल, … कुटुंबांची कसणुकीची जमीन, … झरे, एक स्मशान व देवाचे एक स्थान येते. या जंगलातून गावाला मोहफूल, तेंदूपाने, बांबू, कंदमुळे व औषधी मिळतात. या हक्कांपैकी … दावे उपविभागीय समितीकडे प्रलंबित असून त्यांच्या पोच सोबत जोडल्या आहेत. प्रकल्पाची कागदपत्रे गावाला त्याच्या भाषेत देण्यात आलेली नाहीत. वरील कारणांस्तव ही ग्रामसभा वनजमीन वळती करण्यास, भूसंपादनास व सर्वेक्षणासाठी प्रवेश करण्यास संमती नाकारीत आहे. या ठरावाचे वाचन बोलीभाषेत करण्यात आले व तो सर्वानुमते मंजूर झाला.’

आकडे रिकामे सोडले आहेत ते प्रत्येक गावाने स्वतः मोजून भरावेत. शेजारच्या गावाचा ठराव उतरवून घेतल्याचे लगेच कळते. ठरावाच्या प्रती जिल्हाधिकारी, प्रांत, उपवनसंरक्षक, आदिवासी विकास प्रकल्प अधिकारी आणि राज्यपालांचे कार्यालय यांना पाठवाव्यात. हाती दिल्यास आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा, टपालाने पाठवल्यास पोचपावती वहीत लावावी. आणखी एक सवय लावून घ्यावी: दर सभेच्या शेवटी, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून तिच्याखाली लगेच सह्या घ्याव्यात. एका गावात सह्यांच्या वर चार बोटे जागा कोरी राहिली होती आणि काही महिन्यांनी त्या जागेत, वेगळ्या शाईत, ‘विकासकामास सभेची हरकत नाही’ अशी ओळ प्रकटली होती.

अशा ठरावाला किती किंमत आहे? ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरातील बॉक्साइट खाणीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला आणि डोंगरिया कोंध व इतर वननिवासींचे धार्मिक, सांस्कृतिक व सामूहिक हक्क बाधित होतात का, हे ग्रामसभांनी ठरवावे असे सांगितले. त्याच वर्षी बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीची परवानगी नाकारली. ते प्रकरण खाणीचे असले तरी तत्त्व धरणालाही तितकेच लागू पडते, आणि नियमगिरीच्या सभांत लोकांनी आपल्या देवाचा डोंगर, झरे व फळझाडे यांबद्दलच बोलून नकाराचा पाया घातला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वनमंजुरीच्या नियमांत झालेला बदल

येथे जुन्या माहितीवर विसंबू नये. ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने असे ठरवले होते की, वनजमीन इतर कामासाठी वळती करण्याच्या प्रस्तावासोबत वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याचा आणि ग्रामसभांच्या संमतीचा पुरावा हवा. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी हा क्रम बदलला: केंद्राची मान्यता आधी मिळू शकते आणि वनहक्क कायद्याचे पालन झाले याची खात्री करण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली गेली. पण वनहक्क कायदा स्वतः बदललेला नाही, त्यामुळे कलम ४(५) चे संरक्षण आणि कलम ५ ने ग्रामसभेला दिलेला जंगल राखण्याचा अधिकार कायम आहे. ग्रामसभेने आता दिल्लीकडे पाहत न बसता राज्य सरकारला आणि जिल्हाधिकाऱ्याला वेळेवर लिहावे की, आमच्या हद्दीत प्रक्रिया अपूर्ण आहे, म्हणून पालन झाल्याचे प्रमाणपत्र देऊ नये. असे प्रमाणपत्र आधीच दिले गेले असेल तर माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागावी. अर्जाची फी दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ती लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते. त्या प्रमाणपत्रासोबत ज्या ठरावांचा हवाला असेल ते ठरावही मागावेत आणि आपल्या वहीशी ताडून पाहावेत.

मंजुरीविना काम सुरू होणे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात काळू धरणाचे काम वनमंजुरी नसताना सुरू झाले होते आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. अशा वेळी कोणत्या दिवशी कोणते यंत्र कोठे चालत होते याचे तारखेचे फोटो आणि रोजनिशी असलेल्या गावाला वकिलापुढे अडखळावे लागत नाही.

जनसुनावणी

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पंचवीस मेगावॉट आणि त्याहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. त्याहून लहान प्रकल्प या चाळणीतून निसटतात, परंतु वनहक्क, पेसा आणि भूसंपादन हे कायदे त्यांनाही लागू असतात. सुनावणीआधी किमान तीस दिवसांची जाहीर सूचना, स्थानिक भाषेतील सारांश आणि अहवाल पाहण्यासाठी उपलब्ध असणे, या अटी आहेत. सारांश मिळाल्यावर त्यातील गावांची यादी, कुटुंबांची संख्या आणि बुडिताचे क्षेत्र हे तीन आकडे प्रथम आपल्या मोजणीशी जुळवावेत; बहुतेक चुका तेथेच सापडतात. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे बहिष्कार घातल्यास ती झाली असेच मानले जाते. बहिष्कार घालायचाच असेल तर लेखी हरकती आधी दाखल करून मग घालावा. जे बोलणार आहेत त्यांनी एकेका मुद्द्यावर बोलावे, आपल्या बोलीत बोलावे आणि ते इतिवृत्तात आले का हे शेवटी होणाऱ्या वाचनात ऐकूनच उठावे. मंजुरी मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत सवलत मिळते, त्यानंतर दार बंद होते. महाराष्ट्रासाठी हे खंडपीठ पुण्यात आहे.

भूसंपादनाची नोटीस आल्यास

१ जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ प्रत्येक गावाने पाठ करावे. अनुसूचित क्षेत्रात शक्यतो संपादन करू नये, करावयाचे तर शेवटचा उपाय म्हणून करावे, आणि अधिसूचना काढण्याआधी ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी, असे ते सांगते. तातडीच्या संपादनालाही ही अट आहे. पंचायतीची संमती केवळ जेथे ग्रामसभा अस्तित्वात नाही तेथेच चालते. सिंचन प्रकल्पाचे पर्यावरण मूल्यांकन झाले असल्यास सामाजिक आघाताचा वेगळा अभ्यास लागत नाही, ही या कायद्यातली मोठी फट आहे, आणि काही राज्यांनी दुरुस्त्या करून ती आणखी रुंद केली आहे. म्हणूनही कलम ४१ वरच पाय रोवावा. प्राथमिक अधिसूचनेनंतर साठ दिवसांत प्रत्येक बाधिताने स्वतंत्र लेखी हरकत द्यावी. सर्वांच्या वतीने एकच अर्ज दिला की सुनावणीही एकच होते.

अलीकडे संपादनाऐवजी थेट खरेदीचा प्रस्ताव घेऊन माणसे येतात. रक्कम चांगली वाटते, पण त्या वाटेने गेल्यास संमतीची आणि पुनर्वसनाची कलमे बाजूला पडण्याचा धोका असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय जाऊ शकत नाही, हे घरोघर सांगून ठेवावे. कोऱ्या कागदावर, ‘नुसती हजेरी’ म्हणून, सही किंवा अंगठा देऊ नये.

विरोध करीत असतानाच बाधित कुटुंबांची यादीही गावाने स्वतः तयार ठेवावी. काही कार्यकर्त्यांना हे पटत नाही. यादी केली म्हणजे धरण मान्य केले, असे ते म्हणतात. मला हे म्हणणे चुकीचे वाटते, कारण यादी आपण केली नाही तर ती दुसरा करतो आणि त्यात भूमिहीन, मासेमार, परित्यक्ता व नुकतेच सज्ञान झालेले मुलगे-मुली गळतात. कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्ती, तसेच विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्री यांना स्वतंत्र कुटुंब मानले आहे, आणि वनहक्क गमावणारी कुटुंबेही बाधितांत धरली आहेत. यादीच्या माथ्यावर ‘संमती नाकारलेली असून ही नोंद हक्क राखून केली आहे’ असे लिहावे. भरपाईचा धनादेश घ्यावाच लागला तर पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारली’ असे स्वतःच्या हाताने लिहावे. हे लिहिले नसेल तर वाढीव भरपाईसाठी दाद मागता येत नाही. सिंचन व जलविद्युत प्रकल्पांत पुनर्वसन हे जमीन पाण्याखाली जाण्याच्या सहा महिने आधी पूर्ण व्हावे लागते, म्हणून धरणाचे दरवाजे बंद करण्याची तारीख कळताच मागे मोजून पुनर्वसनाची स्थिती लेखी विचारावी.

दडपण, अटक आणि वही

झारखंडमधील कोयल-कारो प्रकल्पाला मुंडा गावांनी सत्तरच्या दशकापासून विरोध केला. ७१० मेगावॉटचा तो प्रकल्प होता. परवानगीशिवाय कोणी सर्वेक्षणाला आत येऊ नये म्हणून गावाने वाटेवर अडसर उभे केले आणि पूर्वजांच्या दगडांखालची ससनदिरीची भूमी हाच आपला पट्टा असे सांगितले. २ फेब्रुवारी २००१ रोजी तपकारा येथे पोलिसांच्या गोळीबारात आठ जण मरण पावले. २००३ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. ही किंमत ठाऊक असलेल्या माणसाने कोणालाही बिनतयारीने रस्त्यावर बसण्याचा सल्ला देऊ नये. आंदोलनाच्या दिवशी कोण बोलणार, कोण चित्रीकरण करणार, लहान मुले व म्हातारी माणसे कोणाच्या घरी थांबणार आणि अटक झाल्यास जामिनासाठी कोण तालुक्याला जाणार, हे आदल्या रात्री ठरलेले असावे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आदिवासीला त्याच्या जमिनीवरून बेकायदा हुसकावणे किंवा त्याच्या वनहक्कात अडथळा आणणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून अशा प्रसंगी केवळ अर्ज न देता त्या कायद्याखाली फिर्याद नोंदवण्याची मागणी करावी.

राहता राहिली ठरावाची वही. ती शक्यतो बांधीव, पाने छापील क्रमांकाची असावी. प्रत्येक सभेनंतर त्या पानांचे फोटो तीन जणांच्या मोबाइलमध्ये जावेत आणि दर वर्षी एक साक्षांकित प्रत गावाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवावी, कारण बुडिताच्या गावात पहिला भिजतो तो घरातला कागद. पडताळणीसाठी कोणी अधिकारी वही मागू लागला तर तिची प्रत द्यावी आणि पोच घ्यावी. मूळ वही फक्त न्यायालयाच्या आदेशाने, ग्रामसभेने नेमलेल्या दोन माणसांनी सोबत जाऊन दाखवावी आणि त्याच दिवशी परत आणावी.